गाठोडे सोडून बघा, मगच डोक्यावर घ्या

१४ एप्रिल जवळ आला की आपल्याकडे वेबसाइटींची उद्घाटने सुरू होतात. फ्लेक्स लागतो, मान्यवर माऊसवर बोट ठेवतात, टाळ्या पडतात, फोटो फेसबुकवर जातो. पुढच्या ६ डिसेंबरला तीच वेबसाइट उघडून बघा. एक तर 'हे डोमेन विक्रीला आहे' अशी पाटी दिसते, नाहीतर आत कोणीतरी जुगाराच्या जाहिराती घुसवलेल्या असतात. आणि नशीब चांगले असेल तर वेबसाइट जिवंत असते, पण तिच्यावरची शेवटची बातमी उद्घाटनाचीच असते.

याचे खापर आपण पैशावर फोडतो. मला ते मान्य नाही. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेच्या खर्चात छोट्या वेबसाइटचे कित्येक वर्षांचे होस्टिंग भागते. वेबसाइट मरते ती ज्ञान एकाच माणसाकडे साठल्यामुळे. ती बनवणारा पोरगा नोकरीला पुण्याला गेला, पासवर्ड त्याच्या मेलवर, डोमेन त्याच्या नावावर, आणि संघटनेत दुसऱ्या कोणाला ती कशाची बनली आहे हेच माहीत नाही. मग नवा कार्यकारी मंडळ येतो, नवा डेव्हलपर शोधतो, पुन्हा पहिल्यापासून पैसे मोजतो आणि जुना सगळा मजकूर मातीत जातो.

या चक्रातून बाहेर पडायचा एक मार्ग गेली अनेक वर्षे जगात उपलब्ध आहे, तोही फुकट: मुक्त सॉफ्टवेअरची तयार 'डिस्ट्रिब्युशन्स'. आपल्या कार्यकर्त्यांना त्याबद्दल फारसे कोणी सांगत नाही. जे सांगतात ते 'डाउनलोड करा आणि लावा' एवढेच सांगतात. माझे म्हणणे दोघांच्याही विरुद्ध आहे. हे तयार संच आपण शोधले पाहिजेत, वापरलेही पाहिजेत. पण आत काय भरले आहे आणि ते कोणी भरले आहे हे समजून घेतल्याशिवाय नाही.

भाड्याचे घर

आधी एक आक्षेप निकालात काढू. 'वेबसाइट हवीच कशाला? फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप आहे की.'

ऑर्कुट आठवते का? आपल्या पहिल्या इंटरनेट पिढीने तिथे कम्युनिटी काढल्या, आरक्षणावर रात्ररात्र वाद घातले, नामांतरापासून खैरलांजीपर्यंतच्या आठवणी लिहिल्या. ३० सप्टेंबर २०१४ ला गूगलने ऑर्कुट बंद केले. त्या चर्चा आज कुठे आहेत? भाड्याच्या घरात राहणाऱ्याने भिंतीवर इतिहास लिहू नये. मालक रंग मारतो तेव्हा तो विचारत नाही.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला तेव्हा 'केसरी'ने त्याची पैसे भरून द्यायची जाहिरातसुद्धा छापली नाही. दुसऱ्याच्या पानावर आपल्याला जागा किती, याचे उत्तर तेव्हाच मिळाले होते. 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' ही पुढची सगळी पत्रे त्याच अनुभवातून आली. चळवळीने स्वतःचा छापखाना उभा केला. जून २०१६ मध्ये दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण प्रेस पाडला गेला तेव्हा समाज हजारोंनी रस्त्यावर उतरला तो जुन्या यंत्रांच्या लोखंडासाठी नव्हे. छापखाना म्हणजे आपले म्हणणे आपल्या हाताने छापण्याचा हक्क, हे लोकांना कळत होते.

आजचा छापखाना म्हणजे स्वतःचे डोमेन, स्वतःचा सर्व्हर आणि ज्याची कळ आपल्या हातात आहे असे सॉफ्टवेअर. सोशल मीडिया वापरा, जरूर वापरा. पण तो चौक आहे, घर नाही.

डिस्ट्रिब्युशन म्हणजे काय?

बांधकाम कामगारांना मंडळाकडून गृहोपयोगी भांड्यांचा संच मिळतो, तो आठवा. ताट, वाटी, पातेले, कुकर हे सगळे बाजारात सुटे मिळतेच. पण कोणीतरी बसून ठरवले की एका घराला काय काय लागते, आणि ते एका खोक्यात भरले. डिस्ट्रिब्युशन नेमके तेच आहे.

ड्रुपलचे उदाहरण घेऊ, कारण ही पद्धत तिथे सगळ्यात जास्त रुजली. ड्रुपल हे वेबसाइट चालवण्याचे मुक्त सॉफ्टवेअर. बेल्जियमच्या ड्रीस बाउटार्ट याने विद्यार्थी असताना ते सुरू केले आणि २००१ मध्ये सगळ्यांसाठी खुले केले. ते जीपीएल परवान्याखाली येते. म्हणजे ते वापरण्याचा, आतून वाचण्याचा, बदलण्याचा आणि पुढे वाटण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. हा हक्क कोणाच्या मेहरबानीवर नाही, परवान्यात लिहिलेला आहे.

ड्रुपलचा गाभा, ज्याला 'कोअर' म्हणतात, तो मुद्दाम मोकळा ठेवलेला असतो. त्याच्यावर जगभरच्या लोकांनी बनवलेली हजारो मॉड्यूल्स जोडता येतात: फॉर्मसाठी एक, नकाशासाठी एक, वर्गणीसाठी एक. वर दिसण्यासाठी 'थीम' चढवायची. नवख्या माणसाचे डोके इथेच गरगरते. कोणती मॉड्यूल्स घ्यायची, कोणती एकमेकांशी भांडतात, हे त्याला कळत नाही. म्हणून काही संस्था आणि कंपन्या एका विशिष्ट कामासाठी कोअर, निवडक मॉड्यूल्स, थीम आणि सगळ्या सेटिंग्ज एकत्र बांधून देतात. या बांधणीची आज्ञावली ज्यात असते त्याला 'इन्स्टॉलेशन प्रोफाइल' म्हणतात. तुम्ही संच लावला की पहिल्याच दिवशी अर्धीअधिक वेबसाइट उभी असते.

असे संच बरेच आहेत. 'थंडर' जर्मनीच्या हुबर्ट बुर्डा मीडिया या प्रकाशन समूहाने वृत्तपत्रांसाठी आणि मासिकांसाठी बनवला. 'गव्हसीएमएस' ऑस्ट्रेलियाच्या सरकारने आपल्या सरकारी खात्यांसाठी. 'ओपन सोशल' सभासद, गट आणि कार्यक्रम असणाऱ्या समूहांसाठी. 'डीकॅन' आकडेवारी खुली करणाऱ्यांसाठी. 'फार्मओएस' तर शेतीच्या नोंदी ठेवणाऱ्यांसाठी आहे.

आता या यादीकडे आंबेडकरी नजरेने बघा. प्रत्येक संचामागे एक चित्र आहे: 'वापरणारा माणूस असा असेल.' थंडर बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर संपादक, उपसंपादक, छायाचित्र विभाग असलेली कचेरी आहे. गव्हसीएमएसच्या डोळ्यांसमोर सरकारी खाते आहे. विहाराच्या कोपऱ्यात अभ्यासिका चालवणारी तीन पोरे कोणाच्याच डोळ्यांसमोर नव्हती. यात कोणाचा कट नाही. पण ज्याने खोके भरले त्याने स्वतःच्या घराच्या हिशोबाने भरले, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

एक साधा रकाना बघा. तयार संचात सभासद नोंदणीचा फॉर्म असेल, त्यात नाव आणि आडनाव असे दोन सक्तीचे रकाने असतील आणि सभासदांची यादी आपोआप जाहीर दिसत असेल, तर बनवणाऱ्याला त्यात काहीच वावगे वाटणार नाही. आपल्याकडे आडनाव म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. शहरात खोली भाड्याने शोधणारा, खासगी कंपनीत मुलाखत देणारा आपला तरुण गूगलवर त्या यादीत सापडला तर त्याची किंमत तो मोजेल, संच बनवणारा नाही. नाव जाहीर करायचे की नाही हा त्याचा निर्णय असला पाहिजे. सॉफ्टवेअरने मुकाट्याने घेतलेला निर्णय तो नसावा. म्हणून म्हणतो, गाठोडे सोडून बघा.

नवा भट

'पण हे टेक्निकल काम आहे, आपल्याला काय कळणार?' हे वाक्य शिकलेल्या कार्यकर्त्यांच्या तोंडूनही ऐकतो तेव्हा मला आश्चर्य वाटते. हे वाक्य आपल्या पूर्वजांना शेकडो वर्षे ऐकवले गेले. मंत्र संस्कृतात आहेत, तुला काय कळणार? तू दक्षिणा दे आणि बाजूला बस.

महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापला आणि भटाशिवाय लग्ने लावायला सुरुवात केली. त्यांनी नेमके काय केले हे तंत्राच्या भाषेत सांगतो. त्यांनी विधी सोपा केला, तो लोकांच्या भाषेत आणला, पायऱ्या लिहून दिल्या आणि तो कोणालाही चालवता येईल असा केला. ओतूरच्या जोशांनी दक्षिणेचा हक्क बुडाला म्हणून सत्यशोधकांवर कोर्टात दावे लावले, ते उगीच नाही. मधला माणूस काढून टाकला की त्याचे पोट दुखतेच.

मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. जोतीरावांनी भट काढून त्या जागी दुसरा भट बसवला नाही. लग्नात काय होते आणि का होते हे नवरा-नवरीला कळावे, हा त्यांचा आग्रह होता. आपण मात्र डेव्हलपरला काढतो आणि त्याच्या जागी तयार संच बसवतो, आत काय आहे ते न बघता. मग संच हाच नवा भट होतो. फरक इतकाच की हा दक्षिणा आगाऊ मागत नाही, पुढे वसूल करतो.

शोधायचे कुठे, बघायचे काय?

संच सापडणे अवघड नाही. ड्रुपलच्या अधिकृत संकेतस्थळावर डिस्ट्रिब्युशन्सची वेगळी यादी आहे आणि प्रत्येकाचे स्वतःचे पान आहे. बहुतेक जण त्या पानावरचे चित्र बघतात आणि डाउनलोडचे बटण दाबतात. चित्र बघू नका, खालची बारीक अक्षरे वाचा. ती वाचायला कोडिंग येण्याची गरज नाही. सहा प्रश्न विचारा.

पहिला: हा संच ड्रुपलच्या कोणत्या आवृत्तीवर उभा आहे? ड्रुपल ७ चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला. त्याच्यावर बांधलेला संच कितीही देखणा असला तरी ती पाया खचलेली इमारत आहे.

दुसरा: देखभाल कोण करते? पानावर देखभालीची स्थिती लिहिलेली असते: सक्रिय आहे, जेमतेम चालू आहे, नवा सांभाळणारा हवा आहे, की सोडून दिला आहे. शेवटची आवृत्ती कधी आली, ती तारीख बघा. मागे एकच कंपनी आहे की अनेक माणसे, हेही बघा.

तिसरा: किती ठिकाणी चालू आहे? संच वापरणाऱ्या वेबसाइटींची संख्या पानावर दिसते. फार थोडी असेल तर अडचण आल्यावर विचारायला माणूस मिळणार नाही.

चौथा: तक्रारींची वही काय सांगते? प्रत्येक प्रकल्पाची जाहीर वही असते, त्यात लोक अडचणी नोंदवतात. उत्तरे मिळतात का, की दोन-दोन वर्षे कोणी ढुंकून बघत नाही? मुक्त सॉफ्टवेअरचा हा मोठा गुण आहे: त्याची घाण लपवलेली नसते. पण बघणाऱ्यालाच ती दिसते.

पाचवा: सुरक्षेचे अपडेट कसे येतात? हा प्रश्न वाचनालयापुरता किंवा हौसेपुरता नाही. १५ ऑक्टोबर २०१४ ला ड्रुपल ७ मधली एक भयंकर त्रुटी जाहीर झाली, तिची दुरुस्तीही त्याच क्षणी दिली गेली. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा पथकाने सांगितले की घोषणेनंतर ७ तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती लावली नाही त्यांनी आपली वेबसाइट फुटली असेच समजावे. आपल्या घड्याळात ती घोषणा रात्री साडेनऊच्या सुमाराची होती. म्हणजे पहाटे उठायच्या आत खेळ संपला. संच लावला की तुमच्या आणि कोअरच्या मध्ये आणखी एक माणूस उभा राहतो, तो म्हणजे संच बांधणारा. कोअरची दुरुस्ती तुम्ही थेट लावू शकता का, की त्याची वाट बघावी लागते? हे घेण्याआधी विचारा. आणि 'आपली वेबसाइट कोण फोडणार?' असे म्हणू नका. फोडणारा यंत्रे लावून सगळ्यांचीच दारे एकदम ठोठावतो. त्याला जात विचारावी लागत नाही.

सहावा: बाहेर पडायची वाट आहे का? सगळा मजकूर, फोटो, तारखा, लेखकांची नावे आपल्याला दुसरीकडे नेता येतात का? ज्या घराला मागचे दार नाही त्यात राहायला जाऊ नका.

आणि मराठीसाठी आपला स्वतःचा एक प्रश्न जोडा. संच लावून लगेच एक लांब मराठी लेख टाका, त्यातले जोडाक्षर असलेले शब्द शोधून बघा, पत्त्याच्या ओळीत काय उमटते ते बघा, मोबाइलवर ठसा नीट दिसतो का बघा. आपल्या चळवळीचे पुष्कळ साहित्य श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेले आहे. ते युनिकोडमध्ये आणल्याशिवाय कोणत्याही वेबसाइटवर शोधता येणार नाही. हे काम कोणताही संच आपल्यासाठी करणार नाही.

संचही मरतात

तयार संचांबद्दल उत्साहाने बोलणारे एक गोष्ट सांगत नाहीत. 'ओपन अ‍ॅट्रियम' हा संच २००९ च्या सुमारास फार गाजला. संघटनांची अंतर्गत कामे चालवायला तो उत्तम म्हणून वाखाणला गेला. समूहांसाठी 'ड्रुपल कॉमन्स' होता, त्याच्यामागे अक्विया ही मोठी कंपनी होती. दोन्ही ड्रुपल ७ वरच थांबले. त्याच अक्वियाने पुढे 'लाइटनिंग' काढला आणि २०२१ मध्ये तोही थांबवला. कंपनीचा हिशोब बदलला, विषय संपला. यात बेकायदा काही नाही. कोड आजही खुला आहे, कोणीही पुढे चालवू शकतो. पण 'कोणीही' म्हणजे प्रत्यक्षात कोण? ज्याच्याकडे वेळ, कौशल्य आणि माणसे आहेत तो. हक्क कागदावर असणे आणि तो बजावायची ताकद असणे यातला फरक आपल्याइतका दुसऱ्या कोणाला कळणार? चवदार तळ्याचा ठराव कागदावर होताच की. पाणी प्यायला १९२७ मध्ये महाडला जावे लागले.

या अनुभवातून ड्रुपलवाले स्वतः शिकले आहेत. १५ जानेवारी २०२५ ला त्यांनी 'ड्रुपल सीएमएस' काढले. तांत्रिक ज्ञान नसलेल्या माणसाला सुरुवात करता यावी म्हणून बनवलेला तो त्यांचा स्वतःचा तयार संच आहे, आणि तो 'रेसिपी' या नव्या पद्धतीवर उभा आहे. जुना संच लावला की तुम्ही त्याला कायमचे बांधले जात होता. तो काढायचा म्हटले की अर्धी वेबसाइट उसवावी लागे. रेसिपी एकदाच लागू होते, आपले काम करते आणि बाजूला होते. पुढे जे उरते ते तुमचे. कार्यक्रमांची रेसिपी, ब्लॉगची रेसिपी, हवी ती घ्या. मला ही दिशा योग्य वाटते, कारण तिच्यात बांधणारा मालक होत नाही.

कुलूप कोणाचे?

आता या विषयातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग.

'मुकुर्तू' नावाचा एक मुक्त संच आहे, ड्रुपलवर बांधलेला. तो ऑस्ट्रेलियातल्या टेनंट क्रीक इथल्या वारुमुंगू या आदिवासी समाजाच्या गरजेतून जन्मला. या लोकांचे फोटो, गाणी, विधी गोऱ्या अभ्यासकांनी आणि मिशनऱ्यांनी नेऊन संग्रहालयांत ठेवले होते. ते डिजिटल रूपात परत येऊ लागले तेव्हा प्रश्न उभा राहिला की कोणी काय बघायचे. वारुमुंगू भाषेत 'मुकुर्तू' म्हणजे जपायच्या वस्तू ठेवायची पिशवी. या संचात प्रत्येक फोटोला, प्रत्येक ध्वनिफितीला समाजाने स्वतः ठरवलेले नियम लावता येतात: हे सगळ्यांसाठी, हे फक्त आमच्या लोकांसाठी, हे फक्त या कुटुंबासाठी. आज वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतून त्याची देखभाल होते आणि अनेक देशांतले आदिवासी समाज तो वापरतात.

आंबेडकरी माणूस हे वाचून दचकेल, आणि दचकलाच पाहिजे. ज्ञानावर कुलूप? आपली सगळी लढाई त्या कुलपाविरुद्धच आहे. कोणी काय ऐकावे आणि कोणी ऐकल्यास त्याला काय शिक्षा, हे ठरवणारी संहिता बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळली. मग आपण आपल्या वेबसाइटवर कुलपे लावायची?

मी या प्रश्नावर बराच विचार केला आणि माझे उत्तर असे आहे. कुलूप आहे की नाही हा प्रश्नच अपुरा आहे. कुलूप कोणी, कशावर आणि कोणाविरुद्ध लावले, हे विचारले पाहिजे. मनूचे कुलूप दुसऱ्याच्या बुद्धीवर होते. ज्याला ज्ञान नाकारले त्याला विचारलेही गेले नव्हते. पण अत्याचारग्रस्त बाईने आपल्या जखमांचा फोटो गावभर फिरू नये म्हणणे हे स्वतःच्या देहावरचे कुलूप आहे. तिच्या जागी दुसऱ्याने ते उघडणे ही पुन्हा एक हिंसाच आहे.

आपण काय करतो? सत्यशोधन समिती गावात जाऊन येते आणि संध्याकाळी पीडित कुटुंबाचे फोटो, नावे, घराचा पत्ता, साक्षीदाराचा व्हिडिओ सगळे जाहीर टाकते. हेतू चांगला असतो. पण तो साक्षीदार उद्या त्याच गावात राहणार असतो. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने १५-अ हे कलम आले, त्यात पीडितांच्या आणि साक्षीदारांच्या संरक्षणाच्या तरतुदी आहेत. कायद्याने जे कोर्टाकडून मागायचे ते आपणच आपल्या वेबसाइटवर उधळून टाकायचे का?

म्हणून चळवळीच्या दस्तऐवजांचे दोन भाग मानले पाहिजेत. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन भारतात २०१७ पासून स्वामित्वहक्कातून मुक्त आहे. ते, आपली जुनी नियतकालिके, भाषणे, जलशांच्या नोंदी पूर्ण उघड्या हव्यात. त्यांवर कोणाचाही पहारा नको, आपल्यातल्या 'संशोधकां'चासुद्धा नको. साक्षी, तक्रारी, सभासदांची माहिती मात्र ज्याची आहे त्याच्या संमतीने. हा फरक सांभाळण्याची सोय तयार संचात आहे का, हे बघूनच संच निवडा. ज्या संचात सगळे उघडे किंवा सगळे बंद एवढेच दोन पर्याय आहेत, तो प्रेसनोटा टाकायला ठीक आहे. अत्याचारांच्या नोंदी ठेवायला तो चालणार नाही.

मग करायचे काय?

प्रत्येक शाखेने ड्रुपल शिकावे असे मी म्हणत नाही. नुसते लेख आणि कार्यक्रम टाकायचे असतील तर वर्डप्रेस पुरेसे आहे. तेही जीपीएल परवान्याखालीच आहे, मराठीत उपलब्ध आहे आणि त्याचे जाणकार तालुक्याच्या गावातही मिळतात. जुनी पत्रके, फोटो, अंक मांडायचे असतील तर संग्रहांसाठीच बनवलेला 'ओमेका' बघा. प्रबंध आणि पुस्तकांचा मोठा साठा असेल तर 'डीस्पेस' आहे, देशभरच्या पीएच.डी. प्रबंधांचे 'शोधगंगा' त्याच्यावरच उभे आहे. सभासद, परवानग्या, वेगवेगळ्या प्रकारच्या नोंदी असे गुंतागुंतीचे काम असेल तेव्हाच ड्रुपलकडे वळा. मोठा संच घेतला म्हणून संघटना मोठी होत नाही.

पण कोणतेही घ्या, तीन नियम पाळा. डोमेन आणि होस्टिंग संघटनेच्या नावावर असावे, माणसाच्या नाही. किमान तीन जणांना सगळे पासवर्ड आणि सगळी मांडणी माहीत असावी, आणि त्यात एक तरी बाई असावी; नाहीतर 'टेक्निकल टीम' म्हणजे पोरांचा अड्डा होतो आणि मुलींच्या वाट्याला सूत्रसंचालन येते. आणि दर महिन्याला पूर्ण प्रत काढून ती दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या शहरात ठेवावी.

त्यापुढे जाऊन एक प्रस्ताव मांडतो. विहार, अभ्यासिका, जयंती मंडळ, विद्यार्थी संघटना यांच्या गरजा गावोगाव सारख्याच आहेत: कार्यक्रमपत्रिका, ग्रंथयादी, शिष्यवृत्तीच्या तारखा, वर्गणीचा जाहीर हिशोब, तक्रार नोंदवायची सुरक्षित जागा. आज प्रत्येक जण हे वेगळे बनवतो, वेगळे पैसे देतो आणि वेगळे मरतो. आपल्या समाजात आयटीत काम करणारे हजारो तरुण आहेत, पुण्यात, बंगळुरूत, परदेशात. जयंतीला देणगी पाठवून त्यांची बांधिलकी संपू नये. त्यांनी मिळून या गरजांचा एक खुला संच बांधावा, मराठीत कागदपत्रे लिहावीत आणि दरवर्षी नवे दहा जण शिकवावेत. आडनावाचा रकाना सक्तीचा नसलेला, हिशोबाचे पान बंद करता न येणारा आणि साक्षीदाराचे नाव आपोआप झाकणारा संच दुसरे कोणी आपल्यासाठी बनवणार नाही. ज्याने ते भोगले आहे त्यालाच ते सुचते.

यावर कोणी म्हणेल, 'आधी रस्त्यावरची लढाई, मग वेबसाइट.' हा वाद खोटा आहे. बाबासाहेबांनी महाडचा सत्याग्रह मार्च १९२७ मध्ये केला आणि 'बहिष्कृत भारत' त्याच वर्षी ३ एप्रिलला काढला. रस्ता आणि छापखाना यांच्यात त्यांनी महिन्याचेही अंतर पडू दिले नाही. रस्त्यावर जे घडले त्याचा अर्थ दुसऱ्याने छापावा, हे त्यांना मंजूर नव्हते.

आपल्याला ते का मंजूर असावे?

येत्या जयंतीला आपल्या मंडळाच्या बैठकीत दोनच प्रश्न विचारा. आपल्या वेबसाइटची किल्ली कोणाकडे आहे? आणि ती कशाची बनली आहे हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? उत्तर 'एक' आले तर उद्घाटनाचा फ्लेक्स छापू नका. आधी दुसरा माणूस शिकवा.

जयभीम!